बावीस पाती, एक हात

नानीबाईला वाचता येत नाही. सहीच्या जागी ती अंगठा देते. पण पवित्र शास्त्रातलं सगळ्यात लांब स्तोत्र तिला तोंडपाठ आहे. एकशे शहात्तर वचनं. मी मराठीत एम.ए. केलं आहे. मला चार कविता धड येत नाहीत.

हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं, हळदीच्या रानात. डोंगरकडा गावाला गुलाम नबींची दोन एकर हळद होती. माझी आई चांगुणा तिथं खुरपायला जायची. मी निकालाची वाट बघत घरी बसले होते. आई म्हणाली, घरात बसून निकाल लवकर लागत न्हाई, चल. मी गेले.

खुरपताना एकेका बाईच्या वाट्याला रानाचा एकेक पट्टा येतो. त्याला पात म्हणतात. माझ्या शेजारची पात नानीबाईची होती. ती जवळच्या तांड्यावरची. साठी ओलांडलेली, बारीक, हात चिवट. मी चार हात पुढं सरकेपर्यंत ती पातीच्या टोकाला जाऊन परत यायची. आणि सतत काहीतरी पुटपुटायची.

मला वाटलं, एकटीच बोलते. म्हातारी माणसं बोलतात तशी. मग शब्द कानावर आले. ते पुस्तकातले होते. घरी ती बंजाऱ्यांची गोरमाटी बोलते. रानात आमच्यासारखी मराठी. हे दोन्ही नव्हतं.

"मावशी, हे काय म्हणून राहिल्या?"

"देवाचं."

"कुणी शिकवलं?"

"गोपीचंद भाऊ वाचतेत, मी धरते."

गोपीचंद तांड्यावरच्या ख्रिस्ती सभेचे पाळक. दर रविवारी पत्र्याच्या खोलीत सभा भरते. माणसं बहुतेक मोलमजुरीची. वाचता येणारी थोडी. म्हणून सभेत नानीबाई पुढं उभी राहायची आणि पाठ म्हणायची. लोक ऐकायचे. वाचून दाखवलं तर चुळबुळ करायचे, ती म्हणायला लागली की गप्प व्हायचे.

तिची पद्धत मला हळूहळू समजली. ते लांब स्तोत्र बावीस भागांचं आहे. प्रत्येक भागात आठ वचनं. नानीबाईनं एक भाग एका पातीत ठेवला होता. खुरपत जाताना एका पातीत आठ वेळा बूड सरकतं, असं ती म्हणायची. प्रत्येक बैठकीला एक वचन. बावीस पातींत स्तोत्र संपलं. आता म्हणताना ती मनानं त्याच रानातून जात होती.

मी एका दुपारी तिला तपासलं. बाभळीखाली डबे सोडले होते. माझ्या मांडीवर तिचं पुस्तक, माझं बोट ओळीवर. ती समोर बसली. उजवा हात खुरपं धरल्यासारखा हलत होता. एक पात झाली. दुसरी झाली. शब्दाला शब्द. नवव्या भागात ती सहा वचनांवर थांबली आणि दहाव्याला गेली.

"मावशी, दोन राहिली."

"न्हाई. नववी पात आखूड हाय. तिथं विहीर हाय."

"पुस्तकात आठ आहेत."

तिनं विचार केला. "मंग दोन विहिरीत पडली आसतील," ती म्हणाली आणि भाकरी मोडली.

त्या दिवसापासून मी तिची झाले. आम्ही बौद्ध. घरी बाबासाहेबांची तसबीर, वंदना. मी तिच्या देवाची नव्हते आणि तिनं मला तसं कधी म्हटलंही नाही. सकाळी कामाआधी मी वाचायचे, ती धरायची. एवढंच.

तिचे यजमान रतनसिंग. केळीच्या बागेत पाणी द्यायचे. उंच, थट्टेखोर. आधी तेही गोपीचंदांच्या सभेत बसायचे. मग हिंगोलीहून एक जोडपं स्कूटीवर यायला लागलं. शीतलताई आणि त्यांचे मिस्टर. उन्हातान्हात यायचे, मोठ्यानं बोलायचे नाहीत, पुस्तक उघडून प्रश्न विचारायचे. त्यांचं म्हणणं असं की देवाला स्वतःचं नाव आहे. यहोवा. परमेश्वर, प्रभू हे हुद्दे आहेत. मूळ शास्त्रात ते नाव हजारो वेळा आलंय. माणसांनी ते काढून ठेवलं.

रतनसिंगकाका त्यांच्यात गेले. तांड्यावर त्या लोकांना नाववाले म्हणत.

मी काकांना विचारलं होतं, काहून गेलात?

"चाळीस वर्षं लोकांच्या बागेत पाणी दिलं," ते म्हणाले. "सगळे ए गडी म्हणत. मी त्यांना मालक म्हणायचो. ना त्यांनी माझं नाव घेतलं, ना मी त्यांचं. मालकापुरतंच काम आसलं की नाव लागत न्हाई. आता हा सगळ्यात मोठा मालक. तो म्हणून राहिला, मला नावानं हाक मार. सांग, मी काहून नको मारू?"

गोपीचंदांचं उत्तर तयार होतं. तेही मी ऐकलंय, काकांच्याच ओट्यावर.

"बापाला कोणी नावानं हाक मारतं का? तुझ्या लेकानं तुला रतनसिंग म्हणलं तर?"

"त्याला नाव ठाऊक तर आसतं ना," काका म्हणाले. "शाळेत बापाचं नाव विचारलं तर बाप म्हणून सांगतो का तो?"

"येशूनं बाप म्हणायला शिकवलं."

"आन् बापाचं नाव पवित्र मानलं जावो, हे बी त्यानंच शिकवलं. नावच न्हाई तर पवित्र काय मानायचं?"

नानीबाई आतून चहा घेऊन आली. "दोघं बी चहा प्या. त्याला नाव आसंल नसंल, चहा थंड होतोय."

ती परमेश्वर म्हणायची. तिची बावीस पाती त्याच शब्दानं पेरलेली होती. तिला वाटायचं, ज्याचा मान मोठा त्याचं नाव तोंडावर आणू नये. काका हसायचे. "पंचेचाळीस वर्षं संसार केला, हिनं माझं नाव घेतलं न्हाई. देवाचं काय घेणार?"

दुसरा वाद अवघड होता. शीतलताईंच्या शिकवणीप्रमाणे स्वर्गात राज्य करायला थोडीच माणसं जाणार. एक लाख चव्वेचाळीस हजार. शास्त्रातली पत्रं मुळात त्यांना लिहिलेली. बाकीच्या भल्या माणसांना देव ह्याच धरतीवर पुन्हा उठवणार, धरती बागेसारखी करणार. ती माणसं पत्रं वाचून शिकतात, पण पत्त्यावर नाव दुसऱ्याचं.

गोपीचंद म्हणायचे, असं काही नाही. जो विश्वास ठेवील त्याला सगळं शास्त्र, त्याला स्वर्ग.

म्हणजे हिशेबानं नानीबाई वर जाणार होती आणि काका खाली राहणार होते.

"तू जा वर," काका म्हणायचे. "मला बिनदगडाचं रान आन् बारमाही पाणी दिलं तर मी कुठं जात न्हाई."

"मंग भाकऱ्या कोण थापील?"

"वरून टाक."

मी एकदा हसत म्हटलं, "मावशी, पत्रं थोड्यांना लिहिलेली. बाकीच्यांनी वाचून शिकायचं. मी दोघांतही नाही. मग मी वाचून राहिले, मी कोण?"

"पोस्टमन."

"पोस्टमन पत्र फोडत नाही."

"व्हय. तू चोरटा पोस्टमन," काका म्हणाले. "पर पोरी, दुसऱ्याच्या पत्रात बी शेवटी लिव्हलेलं आसतंय, समद्यांना नमस्कार सांगा. त्या समद्यांत मी हाय. मला तेवढं पुरे."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच पुरत होतं. मी अशी माणसं वाचली होती. पाहिली नव्हती.

गेल्या फेब्रुवारीत काका बागेत पडले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. नांदेडला नऊ दिवस ठेवलं. घरी आणलं तेव्हा डोळे लख्ख होते. सगळं कळत होतं. तोंडातून फक्त अ, अ येत होतं.

रोज उगवतीला काका ओट्यावर उभे राहून ते नाव घ्यायचे. मोठ्यानं. शेजारच्या कोंबड्यासारखी तांड्याला त्याची सवय होती. घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी त्यांनी तसा प्रयत्न केला. खाटेवर बसवलं होतं. ओठ जुळले, वाकडे झाले. अ, अ. पुन्हा. पुन्हा. मग डाव्या हातानं त्यांनी स्वतःच्याच तोंडावर मारलं.

मी तिथं होते. मी दुधाची पिशवी घेऊन गेले होते. ती खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

शीतलताई आल्या. खाटेजवळ बसल्या. म्हणाल्या, "काका, तो मनातलं ऐकतो. तुम्ही हाक मारली हे त्याला कळतं." त्या मनापासून बोलत होत्या. काकांनी ऐकलं. डोळे मिटले. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. अ, अ, आणि तोंडावर हात. जे नाव मिळालं म्हणून ते माणूस झाले होते, ते आता त्यांना घेता येत नव्हतं.

मग त्यांनी बोट दाखवायला सुरुवात केली. डाव्या हाताचं बोट. नानीबाईच्या तोंडाकडे.

"पाणी पाहिजे त्यांना," ती म्हणायची आणि उठायची.

अकरा दिवस ती पाणी आणत होती. नंतर तिनं मला सांगितलं, पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांना काय पाहिजे ते कळलं होतं.

तिला भीती कशाची होती, तेही मला माहीत होतं. गोपीचंदांची सभा चाळीस माणसांची होती. नाववाल्यांत जाऊन जाऊन अठरा उरली होती. गोपीचंदांनी सभेत सांगून टाकलं होतं, इथं एकच नाव चालेल. दुसरं ज्याच्या घरात चालेल त्यानं पुढं उभं राहू नये. ते कठोर नव्हते. फुटत चाललेलं घर धरून बसले होते. नानीबाईचं आयुष्य खुरप्यात गेलं. तिला कुणी पुढं बोलावलं असेल तर ते फक्त त्या पत्र्याच्या खोलीत.

आणि दुसरी भीती. पातीतला एक शब्द बदलला तर पुढचे राहतील का? स्तोत्रात देवाचं नाव विसाच्या वर ठिकाणी येतं. "रानात एक मेख उपटली की आख्खा दोर सैल पडतो," ती म्हणाली. तीस वर्षांचं धरलेलं. ते सगळं जाऊ शकत होतं.

बाराव्या सकाळी मी गेले तेव्हा ती खाटेजवळ बसली होती. डॉक्टरांनी काकांचा उजवा हात रोज तेल लावून चोळायला सांगितला होता. हात तिच्या मांडीवर होता. मला म्हणाली, "दीक्षे, पुस्तक काढ. लांबचं. पहिल्यापासून."

"मावशी, ते तर येतं तुम्हाला."

"रानातलं येतं. ते तिथंच राहू दे. त्याला हात लावायचा न्हाई. हे दुसरं धरायचं." ती काकांकडे बघत नव्हती. "परमेश्वर आला की तू ह्यांचं म्हण."

मी वाचलं. पहिल्या वचनात तो शब्द आला. मी यहोवा म्हटलं. काकांचे डोळे उघडले.

नानीबाईनं काकांचा अंगठा धरला, चोळला, आणि म्हणाली. ते नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा आलं. आवाज पडला होता. नवी नवरी बोलते तसा.

काका रडले नाहीत, हसले नाहीत. श्वास सोडला. इतका लांब की मी घाबरले. मग डावा हात खाली ठेवला. त्या दिवशी तो तोंडावर गेला नाही. पुन्हा कधीच गेला नाही.

पाच बोटं, मनगट, कोपर, खांदा. आठ जागा. आठ वचनं. खांद्यावर एक भाग संपायचा, मग पुन्हा अंगठा. मी रोज एक भाग वाचायचे. ती काकांच्या हातात ठेवत जायची. ह्या हातात विहीर नव्हती. नवव्या भागाची आठही वचनं बसली.

तेविसाव्या दिवशी मी पुस्तक मिटून बसले. ती अंगठ्यापासून निघाली. बावीस वेळा खांद्यावर पोचली. एकही चूक नाही. एकदाही जुना शब्द नाही. पासष्ट वर्षांची बाई. परकी भाषा. तीन आठवडे. मी बाहेर येऊन ओट्यावर बसले.

तिनं लपवलं नाही. त्याच रविवारी सभेआधी गोपीचंदांकडे गेली.

"भाऊ, माझ्या घरात ते नाव चालू हाय. मीच घेते."

"काहून, नानीबाई?" ते खरंच विचारत होते.

"त्यांना घेता येईना. मंग कोण घेईल? तुमी?"

गोपीचंदांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "सांगितलेलं मला बी मोडता येत न्हाई. मागं बसा."

चार महिने ती मागं बसली. दाराजवळ, चपलांच्या शेजारी. गोपीचंद पुस्तकातून वाचायचे. लोक चुळबुळ करायचे. ती मान खाली घालून ऐकायची आणि घरी येऊन काकांचा अंगठा धरायची.

काका जुलैच्या शेवटी गेले. सकाळी, हात चोळून झाल्यावर.

तांड्याच्या खालच्या बाजूला, गायरानाला लागून खड्डा घेतला. ऊन पडलं होतं. शीतलताई आणि त्यांचे चार-पाच लोक आले. मिस्टरांनी थोडंसं सांगितलं. रतनसिंग झोपले आहेत, देव त्यांना ह्याच मातीतून उठवील. गोपीचंदही आले. ते नाववाल्यांपासून चार पावलं लांब उभे राहिले, सभेची माणसं त्यांच्या मागं. मधे खड्डा. हे त्यांच्या प्रार्थनेला मान झुकवत नव्हते, ते ह्यांच्या. माझी आई माझ्याजवळ होती. माती लोटायला माणसं फावडी घेऊन थांबली.

"मी म्हणते," नानीबाई म्हणाली.

ती पुढं झाली. तोंड उघडलं. उजवा हात हलला, खुरपं धरल्यासारखा. पहिलं वचन निघालं आणि त्यात परमेश्वर आला. ती थांबली.

"न्हाई. हे तिथलं."

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तोच शब्द. हात हलला की रान येत होतं. तिनं हात पदरात दाबून धरला. तर काहीच येईना. ती खड्ड्यात बघत राहिली. मला तेव्हा समजलं ती काय बघते आहे. दुसरं सगळं त्या हातात होतं. हात खाली होता, पांढऱ्या कापडात.

शीतलताई हळूच म्हणाल्या, "मावशी, मी वाचू का?" गोपीचंदांच्या लोकांत कुजबुज झाली.

"दीक्षे," नानीबाई म्हणाली. "हात दे. उजवा."

मी दिला.

तिनं माझा अंगठा धरला. दोन्ही हातांनी, जसा काकांचा धरायची. तिची बोटं खरखरीत होती, हळदीची पिवळी रेघ नखांत. आवाज आला. पहिलं वचन, त्यात ते नाव. तर्जनी. मधलं बोट. सगळे ऐकत होते, खड्ड्याच्या दोन्ही बाजूंनी. मग करंगळी आली आणि ती अडली. काकांच्या करंगळीचं वरचं पेर कडबाकुट्टीच्या यंत्रात तुटलं होतं. माझी पुरी होती. नानीबाईनं माझी करंगळी मुडपली, आखूड केली, मुठीत धरली. आणि वचन आलं.

मनगट. कोपर. खांदा. पुन्हा अंगठा.

पाऊण तास लागला असेल. मी तिच्याकडे बघत होते आणि बघवत नव्हतं. एका माणसाचा हात माझ्या हातावर चढत होता. मी ह्या देवाची नाही. तरी माझ्या कातडीवर शास्त्र लिहिलं जात होतं, नि लिहिणारीला अक्षर येत नव्हतं. कुणासाठी आहे, कोणत्या नावानं आहे, हे विचारायला माझ्यात कोणी उरलं नव्हतं. फावडी धरलेली माणसं फावडी टेकवून खाली बसली. गोपीचंद उभे होते. चौदाव्या की पंधराव्या भागाला त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. नाव येत होतं, पुन्हा पुन्हा येत होतं, आणि त्यांनी ती परत घातली नाही.

बाविसाव्यांदा ती खांद्यावर पोचली. शेवटचं वचन हरवलेल्या मेंढराचं आहे. ते म्हणून तिनं हात काढला.

माती पडायला लागली. गोपीचंद वळसा घालून ह्या बाजूला आले.

"नानीबाई, रविवारी पुढं या."

"कोणतं म्हणू?"

त्यांनी हातातली टोपी दुमडली. "ते मला इचारू नका," ते म्हणाले. "तुमी या."

ते गेल्यावर तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"पोरी, कुठं चुकलं का?"

मी पुस्तक आणलं नव्हतं. "नाही, मावशी," मी म्हणाले. ती मान हलवून खड्ड्याकडे गेली, आणि सगळ्यांच्या मागून मूठभर माती टाकली.